चार मिनिटं सत्तावीस सेकंदांवरच्या किल्ल्या

आमच्या जेवणाच्या टेबलावर गेले आठ दिवस जेवण नव्हतं, डॅक होते. तीन डॅक आणि त्यांच्या वायरींचं जंजाळ. आम्ही दोघं मांडीवर ताटली घेऊन सोफ्यावर जेवत होतो, कारण टेबलावर पाण्याचा थेंब सांडला तरी आमच्या यांचा जीव खालीवर व्हायचा.

डॅक म्हणजे काय ते एकतीस वर्षं या माणसाबरोबर काढल्यावर न विचारताही कळतं. कॉम्प्युटरमध्ये गाणं असतं ते नुसत्या आकड्यांचं. आकडे काही कानाला ऐकू येत नाहीत. त्या आकड्यांचा पुन्हा आवाज होईल अशी सोय करून अ‍ॅम्प्लिफायरकडे पाठवणारी डबी, ती डॅक. एवढंच तिचं काम. पण एवढ्याशा कामासाठी बाजारात शेकडो डब्या आहेत, प्रत्येकीचा आवाज निराळा असतो असं मानणारी माणसं आहेत, आणि त्यांतला एक माझ्या वाट्याला आला आहे.

पहिला डॅक घरचाच, सहा वर्षं जुना, चपटा. दुसरा दुकानदाराने वापरून बघायला दिलेला, काळा, विटेएवढा जड. तिसरा यांच्या जुन्या मित्राकडून मागून आणलेला. त्याच्या आत जुन्या रेडिओत असायचे तसे काचेचे दोन व्हॉल्व्ह होते आणि तो लावला की ते नारिंगी उजळायचे. हे तिघांनाही पूर्ण नावाने, नंबरासकट हाक मारायचे. मी म्हणायचे चपटा, काळा आणि दिवेवाला.

आणि हा सगळा खटाटोप माझ्या किल्ल्यांसाठी चालला होता.

ते सांगायला हवं. लग्नाआधीपासून मी एका सभागृहात नोकरीला होते. कलाकारांच्या खोल्या, सामानाची खोली, दिव्यांची खोली, मागची दारं, सगळ्या मिळून बावीस किल्ल्या आणि त्यांचा जुडगा माझ्या ताब्यात. एका संध्याकाळी व्हायोलिनचा कार्यक्रम होता आणि रेडिओतर्फे हे ध्वनिमुद्रणाला आले होते. मला सुरातलं तेव्हाही काही कळत नव्हतं, आजही कळत नाही. वाजवणाऱ्या बाई मध्येच थांबल्या, सगळे श्वास रोखून बसले, आणि मला वाटलं, संपलं वाटतं. मी दारं उघडायला निघाले आणि जुडगा या हातातून त्या हातात घेतला. छन्न. तेवढ्यात बाईंनी पुढचा सूर लावला. कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही, एका माणसाखेरीज.

मध्यंतरात तो माणूस गळ्यात हेडफोन लटकवून माझ्यासमोर उभा. "किल्ल्या कुणाच्या?"

"माझ्या."

"स्टुडिओत कुणाचं चुकलं तर मी म्हणतो, पहिल्यापासून घ्या. इथे काय म्हणू? त्या आता जन्मभर टेपवर राहणार."

"मग मीही राहिले म्हणायची," मी म्हणाले. माझी जीभ तेव्हाही अशीच होती.

वरिष्ठांनी तो आवाज कापायला सांगितला. यांनी कापला नाही. सहा महिन्यांनी आमचं लग्न झालं. त्या मुद्रणाची फाइल आज आमच्या कॉम्प्युटरवर आहे आणि तिच्यात चार मिनिटं सत्तावीस सेकंदांवर मी आहे. घरात नवा स्पीकर येवो की नवा अ‍ॅम्प्लिफायर, हे आधी तेच लावतात. "तुझ्या किल्ल्या नीट वाजल्या नाहीत तर मशीन परत." अशी तीन मशीनं परत गेलेली मी डोळ्यांनी पाहिली आहेत. बाकीच्या बायकांना नवरे काय काय देतात. मला हे मिळालं, आणि खरं सांगते, मला ते पुरलं.

सभागृहाने कुलपं काढून कार्डांची दारं बसवली तेव्हा तो जुडगा मलाच देऊन टाकला. स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्याला तो टांगलेला असतो. त्या बावीस किल्ल्यांनी आता जगातलं काहीही उघडत नाही.

चार महिन्यांपूर्वी एका दुपारी हे फाइल ऐकत बसले होते. ऐकून झाली, पुन्हा लावली. पुन्हा लावली. मग मला हाक मारली. "किल्ल्या नाहीत."

"नाहीत म्हणजे?"

"म्हणजे येत नाहीत. डॅक म्हातारा झालाय. वरचे बारीक आवाज खातोय."

मी पुसत असलेली ताटली हातात धरून तिथेच उभी राहिले. फाइल पुन्हा लागली आणि चार सत्तावीसला किल्ल्या वाजल्या. छन्न. जशा एकतीस वर्षं वाजत होत्या तशाच. यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली, "बघ, काहीच नाही."

मग एकेक गोष्ट जुळत गेली. गॅसवरची किटली शिटी मारून मारून थकायची आणि हे शेजारी बसून पेपर वाचत असायचे. दाराची घंटा वाजली तरी उठायचे नाहीत. लेकीच्या फोननंतर कुरकुरायचे, "हल्ली सगळे तोंडातल्या तोंडात बोलतात." मी म्हणायचे, तुमचं लक्षच नसतं. इतके दिवस मी त्यांच्या कानांचा राग त्यांच्या स्वभावावर काढत होते.

मी सांगितलं नाही असं नाही. सांगितलं. "अहो, मला येतात ऐकू. चपट्यावरच येतात."

हे हसले. "तुला येणारच. तुला ठाऊक आहे ना त्या कुठे आहेत ते. ते कान नाहीत, मन ऐकतं तुझं. ज्याला माहीत असतं त्याची साक्ष या कामात धरत नाहीत."

हिशेबाने त्यांचंच बरोबर होतं. नाचता येईना अंगण वाकडं, हे माझ्या ओठांवर आलं होतं, पण आपलेच दात आणि आपलेच ओठ.

मी घरच्या डॉक्टरांना एकटीच जाऊन भेटले. ते म्हणाले, "लवकर आणा. गेलेलं परत येईलच असं नाही, पण उरलेलं सांभाळता येतं. यंत्र लावायला उशीर केला तर मेंदू ते आवाज ओळखायलाच विसरतो." मी कान तपासायची वेळ घेतली. पहिल्या वेळी यांचं डोकं दुखलं. दुसऱ्या वेळी दुकानदार काळा डॅक घेऊन येणार होता.

मला राग येत होता, पण मला कारणही माहीत होतं. माझे सासरे शेवटची नऊ वर्षं पार बहिरे होते. कुणी काही विचारलं की हसून मान डोलवायचे. पुढेपुढे कुणी विचारेनासंच झालं. माणसं त्यांच्या देखत त्यांच्याविषयी बोलायची, यांचं आता कसं करायचं, कुणाकडे ठेवायचं, आणि ते कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून सगळ्यांकडे बघून हसत असायचे. ती खुर्ची आम्ही कधीच देऊन टाकली. पण हे अजूनही त्या कोपऱ्यात काही ठेवू देत नाहीत.

शेवटी मी हट्टाला पेटले. जेवणच सोडते म्हणाले. तेव्हा हे म्हणाले, "ठीक आहे. करार कर. तीन डॅक लावून रीतसर तुलना करू. तिन्हींत किल्ल्या आल्या नाहीत तर मी मुकाट्याने येतो तुझ्या कानवाल्याकडे."

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. तिन्हींत त्यांना येणार नाहीत हे मला ठाऊक होतं. करार मी जिंकलेलाच होता.

रीतसर म्हणजे काय ते यांच्याकडून शिकावं. आधी एकच सलग सूर लावून मल्टिमीटरने तिन्ही डॅकचा आवाज सारखा करून घेतला. त्यात अख्खी सकाळ गेली. "अर्धा डेसिबल जरी जास्त असला ना, तरी माणसाला तोच डॅक चांगला वाटतो," हे सांगत होते. "तो चांगला नसतो, नुसता मोठा असतो. माणूस स्वतःला असा फसवतो बघ." मग पुस्तकांच्या कपाटापासून खिडकीपर्यंत दोरी बांधली, तिच्यावर चादर टाकली. चादरीच्या अलीकडे दोन स्पीकर, सोफा आणि हे. पलीकडे टेबल, डॅक, स्वयंपाकघराचं दार आणि मी. चिठ्ठ्या उचलून डॅकचा क्रम मी ठरवायचा, वायर मी बदलायची आणि तोंडातून ब्र काढायचा नाही. यांच्या मांडीवर वही होती.

वहीविषयी एक सांगते. नोकरीच्या पहिल्या दिवसापासून हे ऐकलेल्या प्रत्येक मशीनची नोंद ठेवतात. आता ती सव्विसावी वही आहे. साहेबाची भीड म्हणून, दुकानदाराशी मैत्री म्हणून यांनी तोंडाने कुणाचं कौतुक केलं असेल, वहीत खोटं कधी लिहिलं नाही. "वहीत खोटं लिहिलं तर मी कुणाला विचारू?" असं म्हणायचे. मी त्या वह्या पुसून ठेवते, उघडत नाही.

पहिली चिठ्ठी काळ्याची निघाली. मला सूर समजत नाहीत, म्हणून मी चहाचं टायमर घड्याळ हाताशी घेऊन बसले होते. चार सत्तावीसला किल्ल्या वाजल्या. चादरीपलीकडून काही आवाज नाही. फाइल संपल्यावर हे म्हणाले, "नाही. पुढचा."

दुसरा चपटा. किल्ल्या वाजल्या. "नाही," हे म्हणाले. या वेळी आवाज जरा खाली गेला होता.

तिसरा दिवेवाला. व्हॉल्व्ह तापायला दहा मिनिटं द्यावी लागतात, ती दिली. फाइल सुरू केली. चार मिनिटं होत आली आणि मला राहवलं नाही. मी चादरीच्या कडेला डोळा लावला.

हे सोफ्याच्या अगदी काठावर आले होते. मान पुढे, डोळे घट्ट मिटलेले आणि उजवा हात कानामागे द्रोणासारखा धरलेला. जन्मभर या माणसाने असा हात धरणाऱ्यांची नक्कल करून आम्हाला हसवलं होतं. सासऱ्यांची नक्कल मात्र कधी केली नाही. आणि आता तसेच बसले होते, हुबेहूब.

मी करार विसरले, डॉक्टरांना विसरले. खिळ्यावरचा जुडगा काढला आणि टायमरवर सत्तावीस येताच हलवला. मोठ्याने, चांगला हलवला.

"आल्या," हे म्हणाले.

मी चादर बाजूला करून बाहेर आले. मी हसत होते. मला वाटलं, टेपवरच्या नाही तर नाही, निदान हातातल्या तरी ऐकू आल्या. अजून काहीतरी उरलं आहे. यांनी डोळे उघडले, माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "बघ. डॅकचाच दोष होता."

आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. करार मोडला होता, आणि मीच मोडला होता. चालून आलेली एकुलती एक संधी मी स्वतःच्या हाताने वाजवून घालवली होती. पायावर धोंडा मारून घेणं म्हणतात ते हे. हे शांतपणे वहीत काहीतरी लिहीत होते.

त्यानंतरचे तीन आठवडे मी कसे काढले ते माझं मला माहीत. दिवेवाला टेबलावरून कपाटावर गेला, आम्ही पुन्हा टेबलावर जेवू लागलो. घर वरवर जागेवर आलं होतं. एकदा किटली कोरडी जळून काळी पडली, हे दोन हातांच्या अंतरावर बसलेले. लेकीने फोनवर विचारलं, "बाबा, तब्येत कशी आहे?" आणि हे म्हणाले, "इथे पण उकडतंय." मी फोन घेतला आणि लाइन खराब आहे म्हणाले. मीही तेच म्हणू लागले होते. डॉक्टरांचं वाक्य मात्र डोक्यातून जाईना, मेंदू ओळखायला विसरतो. रोज सकाळी उठून मी मोजायचे, आज आणखी किती विसरला असेल. खरं सांगायला जीभ उचलायचे आणि तो कानामागचा हात दिसायचा.

दिवेवाल्याचा मालक तो परत न्यायला आला. यांचा तो जुना मित्र, माझे भावजी. हे दोघं बरोबर नोकरीला होते. भावजी निवेदक, त्या व्हायोलिनच्या कार्यक्रमाचं निवेदनही त्यांचंच. सत्तरीला आले तरी आवाज तसाच खणखणीत आणि कान मांजरासारखे. यांना चेव आला. "बस. नेण्याआधी ऐक. तुझ्या या डब्याने माझ्या किल्ल्या परत आणल्या."

चादर नव्हती, पण स्वयंपाकघराच्या दाराला पडदा आहे आणि उजवा स्पीकर त्या दाराला लागूनच आहे. मित्रासमोर किल्ल्या आल्या नाहीत तर यांचा चेहरा कसा होईल, एवढंच मला दिसत होतं. मी चहा ठेवायचं निमित्त करून आत गेले, जुडगा काढला, टायमर हातात घेतला. फाइल सुरू झाली तशी टायमरची कळ दाबली.

मला काय ठाऊक, भावजींनी हट्ट केला होता की "माझ्या निवेदनापासून लाव". आमच्या नेहमीच्या फाइलमध्ये ते कापलेलं आहे. यांनी मूळ फाइल लावली होती. मला बाहेर पुरुषी आवाज ऐकू आला तो मी गप्पांत जमा केला. वीस सेकंदांचं ते निवेदन होतं.

टायमरवर चार सत्तावीस झाले आणि मी जुडगा हलवला. बाहेर व्हायोलिन जोरात चालू होतं. शांतता नव्हतीच. मला सूर समजत नाहीत, पण एवढं समजलं की काहीतरी चुकलं. मी पडद्याच्या फटीतून पाहिलं.

भावजींची मान थेट माझ्याकडे वळलेली होती. पडद्यात दिसणारा माझा हात आणि हातातला जुडगा त्यांनी पाहिला. हे त्यांच्या शेजारीच, माझ्यापासून पाच पावलांवर, डोळे मिटून बसले होते. त्यांची पापणीसुद्धा हलली नाही.

व्हायोलिन थांबलं. टेपवर किल्ल्या वाजल्या, बारीक, दुरून. आणि त्याच क्षणी, खरं तर कणभर आधीच, हे हसून म्हणाले, "आल्या."

भावजी म्हणाले, "वा." चहा अर्धा ठेवून उठले. डबा उचलून दारापर्यंत गेले, मी मागे गेले, तेव्हा हळू म्हणाले, "वहिनी, आज किल्ल्या दोनदा वाजल्या."

"हो."

"त्याला एकदाही ऐकू आल्या नाहीत. तो सुरांवरून जागा ओळखतो. अख्खं मुद्रण पाठ आहे त्याला." मग म्हणाले, "हलक्या आवाजात बोलायची गरज नाही म्हणा. पण सवय जात नाही."

त्या दुपारी हे झोपले तेव्हा मी एकतीस वर्षांत पहिल्यांदा वही उघडली.

चार महिन्यांपूर्वीच्या पानावर लिहिलं होतं, 'किल्ल्या नाहीत. मोबाइलवर लावून पाहिल्या, हेडफोनवर पाहिल्या. नाहीत. मशीनचा दोष नाही.' खाली तारीख. मला हाक मारून डॅक म्हातारा झालाय म्हणाले, त्याच दिवसाची.

पुढे तुलनेचं पान. 'पहिला, नाहीत. दुसरा, नाहीत. तिसरा, नाहीत. वडील आठवले. आल्या म्हटलं. ती हसत बाहेर आली. असू दे.'

आणि शेवटची, तासाभरापूर्वीची नोंद. 'मित्र आला. पुन्हा आल्या म्हटलं. त्याने ओळखलं. तिला कळू नये.'

मी वही मिटून जागेवर ठेवली. स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि रडले. नळ कशाला सोडला कोण जाणे, ऐकणारं कोण होतं? मी त्यांच्यापासून लपवत होते, ते माझ्यापासून, आणि दोघांच्या मधे त्यांचे कान चालले होते. मला त्यांचा संताप आला. माझा त्याहून जास्त आला. चार महिने. डॉक्टर म्हणाले होते लवकर आणा, आणि आम्ही दोघं शहाणी माणसं चार महिने एकमेकांना बरं वाटावं म्हणून झटत होतो.

मी आणखी एक खोटं बोलले. शेवटचं म्हणून. संध्याकाळी यांच्यासमोर उभी राहून, ओठ नीट दिसतील असं म्हणाले, "माझ्या कानात काहीतरी होतंय. उद्या तपासायला जायचंय. सोबत या, मला भीती वाटते."

यांचा चेहरा उतरला. "तुझ्या?" म्हणाले. "कधीपासून? मग बोलली का नाहीस?"



कान तपासायच्या जागी एक छोटी खोली होती, खोलीत खोली. जाड दार, आतून स्पंज लावलेल्या भिंती आणि एक काचेची खिडकी. यांनी पाहताक्षणी भिंतीवर बोट दाबलं आणि म्हणाले, "आमच्या स्टुडिओपेक्षा चांगलं केलंय." तपासणाऱ्या बाई लेकीच्या वयाच्या होत्या. मी त्यांना आधीच सगळं फोनवर सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "काकू घाबरल्यात. काका, तुम्ही आधी करून दाखवता का?"

यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं असावं. पण मी भीती वाटते म्हणाले होते, आणि मी तसं सहसा म्हणत नाही. हे आत गेले. कानांवर हेडफोन, हातात बटण. आवाज ऐकू आला की दाबायचं. दार बंद झालं.

मी बाहेर बाईंच्या शेजारी बसले. आत अंगठा हलायचा आणि बाईंच्या यंत्रावर हिरवा दिवा लागायचा. लागत होता. पुन्हा लागला. पुन्हा. माझ्या मनात वेडी आशा उभी राहिली, की वहीच चुकली असेल, भावजी चुकले असतील.

बाईंनी हात थांबवला. मग कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या, "काकू, मी आता आवाज देतच नाहीये."

हिरवा दिवा लागला.

"मघापासून बंद केलाय. तरी दाबतायत. बरोबर आठ आठ सेकंदांनी. सुरुवातीला मी साधारण तसे दिले होते." त्या गोंधळल्या होत्या. "असं कुणी करत नाही हो."

"हे करतात," मी म्हणाले. "एकदा ऐकलं की यांना पाठ होतं."

मी पिशवीत हात घातला. सकाळी निघताना जुडगा का घेतला होता ते मला सांगता येणार नाही. दार जड होतं, दोन्ही हातांनी ओढावं लागलं, ते तसंच उघडं सोडलं. हे काचेकडे तोंड करून, डोळे मिटून बसले होते, ओठ हलत होते, सेकंद मोजत होते. मी मागून जाऊन त्यांच्या कानांवरचे हेडफोन काढले. त्यांनी डोळे उघडले, पण वळण्याआधीच मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना तसंच बसवलं. आणि त्यांच्या मानेमागे, वीतभर अंतरावर, बावीसच्या बावीस किल्ल्या हलवल्या.

काचेपलीकडे त्या बाईंनी दचकून मान वर केली. त्यांचं दचकणं यांनी पाहिलं. त्या कशाने दचकल्या ते मात्र यांना कळलं नाही.

मग मी समोर आले. जुडगा त्यांच्या डोळ्यांपुढे धरला आणि पुन्हा हलवला. हे किल्ल्यांकडे बघत राहिले. हलताना दिसत होत्या.

"तेव्हा," ते म्हणाले, "चादरीमागे?"

मी होकारार्थी मान हलवली.

"त्याही नाही आल्या मला."

"माहीत आहे," मी सावकाश म्हणाले. "वही वाचली."

त्यांनी जुडगा माझ्या हातातून घेतला. उजव्या कानाशी हलवला. मग डाव्या. लहान मूल खुळखुळा हलवून बघतं तसा, पुन्हा उजव्या. मग तो मांडीवर ठेवला आणि त्यावर हात ठेवला. मला वाटलं आता उठतील, चल घरी म्हणतील. तसे म्हणाले असते तर माझ्यात अडवायची ताकद उरली नव्हती.

त्यांनी हेडफोन स्वतःच्या हाताने कानांवर चढवले. काचेकडे पाहिलं आणि स्टुडिओत म्हणायचे तसं, न चिडता म्हणाले, "पहिल्यापासून घ्या."

मी बाहेर येऊन दार लावलं. बाईंनी आवाज द्यायला सुरुवात केली. आधी खालचे, जाडे आवाज. हिरवा दिवा लागला, उशिराने, पण लागला. मग त्या वरच्या आवाजांकडे गेल्या. एक दिला. थोडा मोठा करून दिला. आणखी मोठा. हे डोळे उघडे ठेवून सरळ माझ्याकडे बघत बसले होते, एक हात किल्ल्यांवर, एक हात बटणावर, आणि त्यांनी बटण दाबलं नाही.